निबंधाचा विषय मुलांनाच निवडू द्यावा का? (नववीच्या वर्गातला अनुभव, थोडा लांब आहे)

तापीकाठ | रविवार, रात्री ९:४०

चोपडा तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मी सोळा वर्षं मराठी शिकवते. जूनपासून नववीच्या वर्गात एक गोष्ट करून बघतेय. इथे बरेच शिक्षक आणि पालक आहेत, म्हणून विचारायला आले.

सुरुवात गेल्या वर्षी झाली. हीच मुलं तेव्हा आठवीत होती. घटक चाचणीला विषय दिला 'माझी आई'. त्रेचाळीस पेपर. त्यातल्या तीसेक आया पहाटे पाचला उठत होत्या, सडा-रांगोळी करत होत्या, देवपूजा करून मुलांना प्रेमाने हाक मारत होत्या. या सगळ्या आया मला माहीत आहेत. कापूस वेचायच्या दिवसांत सकाळी सातला त्या फाट्यावर गाडीची वाट बघत उभ्या असतात, डोक्याला रुमाल बांधलेला, हातात डब्याची पिशवी. एकाही पेपरात ती गाडी नव्हती. आणि ज्या मुलीची आई दोन वर्षांपूर्वी वारली, तिनेही आईला पहाटे उठवून सडा घालायला लावला होता. मी त्या निबंधाला दहापैकी सात गुण दिले. अक्षर चांगलं होतं, परिच्छेद पाडलेले होते. घरी आल्यावर मात्र ते सात गुण डोक्यातून जाईनात.

यंदा जूनमध्ये ठरवलं, शनिवारच्या सकाळच्या शाळेत दोन तास लेखनाचे आणि विषय मुलांचा. मला वाटलं होतं मुलं खुश होतील. वर्ग गप्प बसला. पाच मिनिटांनी एकेक जण उठून विचारायला लागला, "बाई, कोणता लिहू?" शेवटी वह्या आल्या तर दिवाळी, झाडे लावा, मोबाइल शाप की वरदान. पुढच्या शनिवारी तेच. विषय मी दिला नव्हता, पण गाइडने आधीच देऊन ठेवला होता.

तिसऱ्या शनिवारी सांगितलं, आज निबंध नाही. वहीच्या मागच्या पानावर अशा पाच गोष्टी लिहा ज्या तुम्हाला येतात आणि मला येत नाहीत. पहिल्यांदा हसले. मग लिहायला लागले ते थांबेनात. विहिरीतली मोटर वर कशी काढायची. शेळी व्यायला झाली हे कसं ओळखायचं. बोटं न टोचता बोंडातून कापूस कसा ओढायचा. खापरावर मांडा टाकताना हात कसा फिरवायचा. आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांचं पीठ. ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना स्टेअरिंग उलट्या बाजूला का फिरवावं लागतं. खरंच सांगते, यातलं मला काहीही येत नाही.

त्या यादीतून एका मुलीने निबंध लिहिला, 'चिकाचा शर्ट'. तिचे वडील केळी कापायला जातात. एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलतो. वडील झेलणारे. दांड्यातून चीक गळतो, तो आधी पाण्यासारखा असतो, वाळला की काळा पडतो आणि मग कशाने निघत नाही. म्हणून वडिलांचा एकच शर्ट केळीचा. तो घरात येत नाही, गोठ्यातल्या खुंटीला असतो. चुलतभावाच्या साखरपुड्याला वडिलांनी नवा पांढरा शर्ट घातला तेव्हा तिला त्यांच्या मानेवर डाग दिसला. तिने लिहिलंय: "मला वाटले नवीन शर्टाला पण लागला. पण तो शर्टाला नव्हता, कातडीला होता. आधी कधी दिसला नाही कारण बाबा आणि शर्ट एकाच रंगाचे होते."

शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या. मी एकीवरही खूण केली नाही.

आता अडचण. पुढच्या वर्षी दहावी. पालक विचारतात की बोर्डात विषय छापून येतो, मग हे कशाला? वरिष्ठही तेच म्हणतात. तुम्ही काय करता, काय कराल?

---

उत्तरपत्रिका | रविवार, रात्री १०:२५

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून उत्तरही मनापासून देतो. मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, बरीच वर्षं बोर्डाचे पेपर तपासले, आता निवृत्त आहे.

दहावीच्या मराठीत, म्हणजे कुमारभारतीत, ८० गुणांची लेखी परीक्षा. त्यात उपयोजित लेखनाला २४ गुण, त्यातले ८ लेखनकौशल्याचे. प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक, यांतून एक. म्हणजे निवड आहे, पण तिघांतली. तिथे 'चिकाचा शर्ट' येणार नाही, एखाद्या वस्तूचं आत्मकथन येईल. दिलेल्या विषयावर वेळेत नेटके परिच्छेद उभे करणं हे कौशल्य आहे आणि ते शिकवावंच लागतं.

दुसरं. आपल्याला आवडेल त्यावर लिहिणं सोपं. न आवडणाऱ्या, कधी विचार न केलेल्या गोष्टीवर विचार करायला लावणं हेही शाळेचं काम आहे. मुलगा आयुष्यभर क्रिकेटवरच लिहीत राहिला तर?

---

खिळेजुळारी | रविवार, रात्री ११:०२

तापीकाठ, तुम्ही जे करताय ते नवं नाही, आणि हे मी आधार म्हणून सांगतोय. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचा खेड्यातला शिक्षक होता. १९२०च्या दशकात त्याने वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. मुलं मनात येईल ते लिहायची, वर्गात वाचायची, कोणतं छापायचं ते मत देऊन ठरवायची. मग सगळे मिळून ते नीट करायचे, स्वतः खिळे (छपाईची सुटी अक्षरं) जुळवून छापायचे आणि दुसऱ्या गावच्या शाळेला पाठवायचे. तिकडून त्यांचं यायचं. म्हणजे विषय मुलांचा होताच, शिवाय वाचणारंही खरं कुणीतरी होतं, ज्याला तुमच्या गावातलं काही माहीत नाही.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला डोनाल्ड ग्रेव्हज यांनी १९८०च्या आसपास प्राथमिक शाळेत लिहिणाऱ्या मुलांशेजारी बसून अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की दर वेळी शिक्षकच विषय देत राहिला तर मूल विषयासाठी त्याच्यावर अवलंबून राहतं. तुमच्या वर्गातलं "बाई, कोणता लिहू?" म्हणजे नेमकं तेच.

आणि फार लांब कशाला, अमळनेरला साने गुरुजी १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलला शिकवत होते. छात्रालयाच्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' नावाचं दैनिक काढायचे. मुलांच्या रोजच्या जगण्यातलं लिहिण्याजोगं असतं, हे आपल्या मातीत शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

---

यार्डाचा_पोरगा | सोमवार, सकाळी ७:१५

मी भुसावळचा, रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो. वडील गार्ड होते. आता नाशिकला असतो.

आम्हाला नववीत निबंध होता, 'रेल्वे स्थानकावरील एक तास'. मी काय लिहिलं ते आजही पाठ आहे. हमालांची धावपळ, चहावाल्यांच्या आरोळ्या, निरोप देताना पाणावलेले डोळे. सगळं गाइडमधलं.

आमच्या घरात त्या वेळी काय होतं सांगतो. रात्री दोन वाजता कॉलमन, म्हणजे ड्युटीवर बोलवायला येणारा माणूस, यायचा. दारावर थाप, मग वडिलांचं नाव आणि गाडीचा नंबर. वडील अर्धवट झोपेत त्याच्या वहीत सही करायचे. आई न बोलता उठून स्टोव्ह पेटवायची. मी पांघरुणातून ऐकायचो, पंपाचा आवाज, मग डब्याच्या झाकणाचा, मग कडी. यार्डात रात्रभर शंटिंग चालायचं, एका डब्याला धक्का बसला की तो आवाज सगळ्या रेकमधून लांब लांब जायचा. सुट्टीत मामाकडे गेलो की तो आवाज नसल्यामुळे मला झोप लागायची नाही.

यातलं एक अक्षर निबंधात आलं नाही. विषय तर माझ्या घराचाच होता! म्हणून मला वाटतं, विषय दिला की निवडला एवढ्यावर हे थांबत नाही. मी विषय निवडला असता तरी गाइडच उतरवलं असतं. कारण आपल्या घरातलं वहीत लिहायचं असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. वडील गेले सहा वर्षांपूर्वी. घरातलं हे सगळं आज इथे पहिल्यांदा लिहितोय.

---

तापीकाठ | सोमवार, दुपारी २:१०

यार्डाचा_पोरगा, तुमचा प्रतिसाद स्टाफरूममध्ये वाचला आणि तास असूनही दोन मिनिटं उठता आलं नाही. माझ्या प्रश्नात एक गाठ होती ती तुम्ही सोडवली. मी विषयाच्या मालकीबद्दल विचारत होते, पण खरा प्रश्न घरातलं वहीत लिहायच्या मुभेचा आहे.

उत्तरपत्रिका सर, तुमचा क्रिकेटचा मुद्दा मला भेटलाय. एका मुलाने सलग तीन शनिवार मोबाइलच्या एकाच गेमवर लिहिलं. मी विषय बंद केला नाही. म्हटलं, माझ्या सासूबाईंनी स्मार्टफोन हातात धरलेला नाही, त्यांना कळेल असं लिही. आधी तो चिडला. मग त्याला 'मॅप', 'लोड होणे', 'रँक' प्रत्येक शब्द सोडवून सांगावा लागला. चार पानं झाली. समजावून लिहिणं मी त्याला व्याकरणाच्या तासाला इतकं शिकवू शकले नसते. चौथ्या शनिवारी तो स्वतःच दुसऱ्या विषयावर गेला.

---

दोन_तुकड्या | सोमवार, संध्याकाळी ६:३०

धुळ्याहून. माझ्या एका तुकडीत अडुसष्ट मुलं आहेत, अशा दोन तुकड्या. अडुसष्ट जणांचा एकच विषय असला तर मी एका रात्रीत तपासते. अडुसष्ट वेगळे विषय कसे तपासायचे? हे टोचून विचारत नाहीये, मला खरंच करायचंय.

---

तापीकाठ | सोमवार, रात्री ८:५०

ताई, सगळे तपासू नका. मीही तपासत नाही. एका शनिवारी दहा वह्या घरी नेते, आळीपाळीने सगळ्यांची पाळी येते. बाकीची मुलं जोडीने एकमेकांचं वाचतात. वाचणाऱ्याने चुका काढायच्या नाहीत, खाली एकच प्रश्न लिहायचा, जे आणखी ऐकावंसं वाटलं ते. शेळीच्या निबंधाखाली शेजारच्या मुलाने विचारलं, "रात्री व्याली तर उजेड कशाचा केला?" लिहिणाऱ्याने पुढच्या वेळी अर्धं पान त्या उजेडावर लिहिलं. बॅटरी त्याच्या बहिणीने धरली होती आणि ती सारखी दुसरीकडे बघत होती म्हणून उजेड हलत होता. मी तो प्रश्न विचारला नसता. मला सुचलाच नसता.

लाल पेन मी चार निबंधांतून एकाला वापरते. तो कोणता, ते मूल ठरवतं.

---

दहावीची_आई | सोमवार, रात्री ९:३०

जळगावहून, पालक म्हणून लिहिते. मुलगा यंदा दहावीला. क्लासमध्ये त्यांना पंचवीस निबंध पाठ करायला दिलेत. काल मी त्याच्याकडून पुस्तकाचं आत्मकथन म्हणवून घेत होते आणि मध्येच तो म्हणाला, "आई, हे पुस्तक एवढं का रडतं?" मला उत्तर देता आलं नाही. पण मार्क जातील या भीतीने मी त्याला थांबवलंही नाही, पुढे म्हणायला लावलं. माझ्यासारख्या आयांना शिक्षकांनी काय सांगावं?

---

उत्तरपत्रिका | सोमवार, रात्री १०:४०

ताई, पेपर तपासणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. गठ्ठ्यातले चाळीस निबंध एकाच वाक्याने सुरू होतात. मग एखादा पेपर असा येतो की त्यात पुस्तकाच्या पानात कुणीतरी दाबून ठेवलेलं बसचं तिकीट असतं, आणि हात थांबतो. असे पेपर मी शेजारच्या परीक्षकाला वाचून दाखवलेत. त्यांना गुण कमी पडलेले मला आठवत नाहीत. पाठ केलेला निबंध नापास होत नाही हेही खरं. पण तो मधेच विसरला तर मुलाकडे काही उरत नाही. ज्याने स्वतःचं लिहायची सवय केली, तो अडत नाही.

तरी माझा आग्रह कायम आहे. चारांपैकी दोन विषय शिक्षकांचे, दोन मुलांचे. वैचारिक लेखन आपोआप येत नाही. केळीचा भाव कोण ठरवतं, यावर मूल स्वतःहून लिहिणार नाही. त्याला तो प्रश्न आपणच द्यावा लागतो.

---

सातपुड्याच्या_पायथ्याशी | मंगळवार, सकाळी ६:५०

नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे आश्रमशाळेत आहे. या धाग्यात एक गोष्ट कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या मुलांची घरची बोली पावरी किंवा भिली. मराठी शाळेत आल्यावरची. दिवाळीनंतर अनेकांचे आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा मुलांना मी 'तुझं लिही' म्हणालो आणि त्यांनी लिहिलं. एकाने बाप दारू पिऊन आल्यावरची रात्र लिहिली. साधी सात-आठ वाक्यं, पण मी इतकं खरं लिखाण वर्गात कधी वाचलं नव्हतं. आनंदाच्या भरात मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. मुलाचं नाव घेतलं नाही, पण वर्गाला कळायचं ते कळलं. तो चार दिवस जेवणाच्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभा राहायचा. ती चूक माझी होती. विषय त्याचा, म्हणजे तो कुणाला दाखवायचा हेही त्याचंच, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तेव्हापासून आमचा नियम आहे, पान दुमडलेलं असेल तर ते फक्त सर वाचतात. वर्गात नाही, भिंतीवर नाही, स्टाफरूममध्ये नाही. एक अपवाद मी आधीच सांगून ठेवतो. कुणी मारत असेल, त्रास देत असेल, जिवाला धोका असेल तर मी गप्प बसणार नाही, मदत मागणार. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो. हे न सांगता मुलांना मन मोकळं करायला लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

आणखी एक. कधीकधी मूल म्हणतं, "सर, मला माझं नाही लिहायचं, तुम्ही विषय द्या." तेव्हा मी देतो. आंबा, नदी, होळी. नको म्हणण्याचा हक्क नसेल तर ती निवड कसली?

---

आंडेर | मंगळवार, दुपारी १:०५

पारोळा तालुक्यातली, आता पुण्यात नोकरीला. माझं सदस्यनाम बघून बरेच जण विचारतात, म्हणून सांगते, अहिराणीत आंडेर म्हणजे मुलगी.

सातवीत मी आखाजीवर, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय तृतीयेच्या सणावर, लिहिलं होतं. लिंबाच्या झाडाला बांधलेला झोका, गौराईची गाणी आणि माहेरी आलेली आत्या. त्यात आत्या येताच आजी म्हणते, "मनी आंडेर उनी." त्या शब्दाभोवती लाल गोल आणि वर 'मुलगी'. वाक्य झालं "माझी मुलगी आली." आजी असं कधीच बोलली नाही. त्यानंतर मी आजीला निबंधात बोलूच दिलं नाही. विषय माझा आणि भाषा दुसऱ्याची, असं असलं की पहिल्या परिच्छेदालाच दम लागतो.

बहिणाबाईंचं नाव आपण विद्यापीठाला दिलं. त्यांची बोली त्यांच्या गाण्यांतून काढून टाकली तर काय राहील?

---

खिळेजुळारी | मंगळवार, दुपारी ३:२०

+१. त्यात थोडी भर. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर सुचलेलं त्या म्हणायच्या, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. त्या गेल्या १९५१ला, गाणी छापून आली १९५२ला. आपण नेहमी म्हणतो की त्यांना विषय कुणी दिला नव्हता. मला उतरवून घेणाऱ्याचं जास्त वाटतं. त्याने लाल गोल केले असते तर आज आपल्या हातात काय असतं? (त्यांची बोली लेवा गणबोली, अहिराणीहून वेगळी, एवढं फक्त नोंदवतो.)

---

उत्तरपत्रिका | मंगळवार, संध्याकाळी ७:१५

आंडेर, तुमचा तो लाल गोल माझ्या हातून शेकडो वेळा झालाय. संवादात बोली चालते, हे मला माहीत असूनही. निवेदन प्रमाण भाषेत यावं असं मी अजूनही म्हणेन, कारण पुढे अर्ज, अहवाल, नोकरी सगळं त्याच भाषेत आहे आणि आपल्या मुलांची तिथे अडवणूक होऊ नये. पण आजीचं वाक्य आजीचंच राहायला हवं होतं.

---

तापीकाठ | पुढचा रविवार, रात्री ९:१०

आठवडाभर लिहिता आलं नाही, चाचणीचे दिवस होते.

शनिवारी तीन गोष्टी बदलल्या. दुमडलेल्या पानाचा नियम सातपुड्याच्या सरांकडून घेतला आणि १०९८ फळ्यावर लिहिला. घरात बोलतात तसं बोललेलं वाक्य अवतरणचिन्हांत तसंच ठेवायचं, हे सांगितलं. लगेच एकीने विचारलं, "बाई, मग अवतरणचिन्हात चूक धरणार नाही ना?" नाही म्हटल्यावर खाली मान घालून लिहायला लागली.

तिसरी गोष्ट, उत्तरपत्रिका सरांचं ऐकून विषय मी दिला, आणि यार्डाचा_पोरगा यांच्यामुळे तोच जुना दिला. 'माझी आई'. अट एकच, जे स्वतः पाहिलं किंवा ऐकलं तेवढंच लिहायचं. नको असेल त्याने मागच्या पानावरच्या यादीतला विषय घ्यायचा. नऊ जणांनी यादीतला घेतला.

या वेळी फाट्यावरची गाडी आली. एका आईने गाडीत चढताना दुसरीच्या हातातला डबा आधी आत ठेवला आणि मग तिला हात दिला, असं एका मुलाने लिहिलंय. एक आई संध्याकाळी आल्यावर आधी पाय धुते आणि पाच मिनिटं कुणाशी बोलत नाही. एकीची आई कानबाईच्या गाण्यात सगळ्यांत पुढे असते पण घरात कधी गुणगुणतसुद्धा नाही. सडा-रांगोळी दोन पेपरांत आहे. त्या दोन घरी ती खरंच असते, मी जाऊन आलेय.

जिची आई वारली, त्या मुलीचं पान दुमडलेलं होतं. तिने यादीतला विषय घेतला नाही. मी वाचलं, परत तसंच दुमडलं आणि सोमवारी तिच्या हातात देणार आहे. त्यात काय आहे ते इथे लिहीत नाही.